आईच्या फोनमधलं गाऱ्हाणं

आईच्या फोनमध्ये जागा कधीच नसते, कारण तिथे देव राहतात. सकाळी डोळे उघडल्यापासून नातेवाईक तिला देव पाठवत असतात. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, आणि मधेच कुणाच्या तरी गावची पालखी. ती प्रत्येकाला जोडलेल्या हातांची खूण पाठवते आणि एकालाही पुसत नाही. "अगं, डिलीट कर ना हे," म्हटलं की म्हणते, "देवाला कचरापेटीत टाकू? तूच टाक, तुझ्या हाताने." फोनमध्ये खरंच कचरापेटीचंच चित्र असतं. मग जागा करायला ती काय पुसते? तर आम्हाला. माझ्या लग्नाचे फोटो, माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो, मी जुन्या अल्बममधून काढून पाठवलेले, सगळे उडवले. "तुम्ही काय, येताजाता दिसताच की!"

शेवटी मी वैतागून एक मेमरी कार्ड आणलं आणि तिच्या फोनमध्ये घातलं. यापुढे फोटो, व्हिडिओ सगळं कार्डावर जाईल, अशी व्यवस्था करून दिली. देवांना मोठं घर मिळालं, एवढंच झालं.

पण त्या कार्डावर बाबांचं गाऱ्हाणंही होतं.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्या घाटकोपरच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. आरती झाली की घरातला कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. तक्रार नव्हे हां, गाऱ्हाणं. घरातल्या एकेकासाठी देवाकडे मोठ्याने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" बाबा तरुणपणी गिरणीत होते. साच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, खडखडाटात बोलायची सवय लागलेला माणूस. त्यांचं गाऱ्हाणं खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही ऐकू जायचं, आणि तेही मजेत खालून "व्हय म्हाराजा" द्यायचे. मला लहानपणापासून त्या आवाजाचा भारी अभिमान.

एका वर्षी माझा भाऊ, म्हणजे दादा, नोकरीमुळे चेन्नईला अडकला. त्याला पाठवायचं म्हणून आईने गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढला. तो एवढा मोठा झाला की जाईचना. गोल फिरत राहिला आणि शेवटी आईनेच नाद सोडला. त्यामुळे तो व्हिडिओ जगात एकाच ठिकाणी राहिला, तिच्या कार्डावर.

गेल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात खाट नाही म्हणाले, ती मी भांडून मिळवली. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात हळूहळू थोडा हलायला लागला, पण बोलणं तीन शब्दांवर येऊन थांबलं. हां, नाय, आणि आईला मारायची हाक, "गो". सगळं समजतं त्यांना, नुसतं बाहेर येत नाही. श्रावण लागला तसे ते बेचैन व्हायला लागले. गणपतीच्या कोनाड्याकडे बोट करायचे, मग स्वतःच्या तोंडाकडे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. गाऱ्हाणं कोण घालणार, हेच ते विचारत होते. दादाने एकदा त्यांच्यासमोर प्रयत्न करून दाखवला. "बा देवा महाराजा" पर्यंत बरा गेला, पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलल्यासारखं बोलायला लागला. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग दादालाच सुचलं, "बाबा, तो व्हिडिओ आहे ना आईकडे! स्पीकरला लावू. तुमच्याच आवाजात गाऱ्हाणं होईल." बाबांचा चेहरा असा उजळला की बास. "हां," म्हणाले. "हां, हां." झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच एवढं खूश बघितलं.

आणि गणपती तोंडावर आलेले असताना आईचा मला ऑफिसात फोन. "गो, ह्या फोनात काय लिवलाहा बघ. कार्ड खराब आहे, फॉरमॅट करायचं का. 'हो' दाबू?"

"हात लावू नकोस!" मी अशी किंचाळले की समोर बसलेल्या साहेबांच्या हातातलं पेन पडलं. फॉरमॅट म्हणजे सगळं साफ, हे तिला ठाऊक नव्हतं. हो म्हटलं असतं तर वाटच लागली असती. "आई, काहीही दाबायचं नाही. मी येतेय." अर्धा दिवस टाकला, लॅपटॉप उचलला आणि मुलुंडहून रिक्षा केली. वाटेत लाल दिव्याला मी रिक्षावाल्यावर डाफरले. "मॅडम, सिग्नल मैंने नहीं लगाया," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

घरी पोचले तर आईने फोन माझ्या हातात दिला. उघडून बघते तर कार्डच गायब.

"कार्ड कुठाय?"

"काढून ठेवलं. कुणी चुकून दाबलं तर?"

"काढलंस कशाने?"

तिने हात पुढे केला. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन. तिच्या बांगडीतल्या त्या पिनेने आमच्या घरात तुटलेली चेन, पायातला काटा आणि शाळेच्या दप्तराचा फाटलेला पट्टा सगळं निभावलं आहे. पिनेला मी नावं ठेवली नाहीत. "आणि ठेवलंस कुठे?"

ती देव्हाऱ्याकडे गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. "एवढुसं ते, हरवलं म्हणजे? इथे कुणी हात लावत नाही." झाकण उघडलं. लाल कुंकवात नखाएवढं कार्ड रुतून बसलं होतं. वर चार अक्षताही होत्या. म्हणजे तिने त्याची पूजाही केली होती!

मी फार बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. आई शांतपणे म्हणाली, "झालं बोलून? चहा ठेवते." आणि आत गेली. बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. माझा हात त्यांनी डाव्या हाताने धरला आणि कार्डाकडे बघून भुवया उडवल्या. होईल का? मी म्हटलं, "होईल हो बाबा," आणि कार्ड करंड्यातून उचललं.

कार्ड फुंकलं, मऊ फडक्याने पुसलं. रीडरमध्ये घालून लॅपटॉपला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं, पुन्हा काही नाही. कार्डाच्या पाठीवरच्या सोनेरी पट्ट्या लालसर दिसत होत्या. मग घरात खोडरबर शोधला. माझी मुलगी इथे अभ्यासाला यायची तेव्हाचा तिचा एक तुकडा टेलिफोनच्या खणात सापडला. त्याने पट्ट्या हलक्या हाताने घासल्या, कुंकवाची लाल पूड टेबलावर पडली. आई जवळच होती, तिने ती बोटाने टिपून कपाळाला लावली. मी पुन्हा कार्ड घातलं, आणि पडद्यावर एकदम देव प्रकटले. हजारो देव. आयुष्यात त्यांना बघून एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

सगळं एकदम कॉपी करायला गेले तर मध्येच अडकलं, एक दत्तगुरू उघडेचनात. आई म्हणाली, "आधी गाऱ्हाणं घे गं. देव थांबतील." तिचं बरोबर होतं. तो एकच व्हिडिओ शोधला आणि ओढला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. बाबा खुर्ची सोडून माझ्या पाठीशी येऊन उभे होते, आजोबांची जुनी काठी धरून. पट्टी टोकाला पोचली. मी तो लॅपटॉपवर ठेवला, पेनड्राइव्हवर घेतला, माझ्या फोनवर घेतला, दादाला पाठवला. मग सावकाश उरलेले देवही घेतले, दत्तगुरूंसकट. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि निवांत झोपायला गेले.

नीट आलाय ना, हे बघायला मी कानात इयरफोन घालून व्हिडिओ लावला. चित्रात अर्धा तर आईचा अंगठाच होता. पण बाबांचा आवाज खणखणीत. "बा देवा म्हाराजा!" आमचा सगळ्यांचा "व्हय म्हाराजा!" आणि त्याच्या खाली अजून एक आवाज. अगदी जवळचा, कुजबुजता. "लिफ्टीचा काम..." असं तो म्हणाला, आणि लगेच बाबा गरजले, "लिफ्टीचा काम मार्गी लाव!" कुजबुज झाली, "झिलाक..." बाबा गरजले, "झिलाक मुंबयक परत हाड!" म्हणजे लेकाला, दादाला, परत आण. नातीच्या दहावीच्या मार्कांचंही तसंच. मग कुजबुज म्हणाली, "चेडवाचो राग," म्हणजे लेकीचा, माझा, आणि बाबा म्हणाले, "चेडवाचो राग वायच कमी कर!" त्यावर सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा," माझ्या नवऱ्याचा.

फोन आईच्या हातात होता, तोंडाच्या जवळ. म्हणून तो आवाज त्यात आला होता. समोर उभं राहून तो कुणालाच कधी ऐकू आला नसता.

मी इयरफोन काढले. आई अळूची पानं पुसत बसली होती. "आई, हे तू सांगतेस? सगळं?"

"हळू बोल," ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे बघितलं. "मग त्यांना कुठे काय आठवतं? तुझे आजोबा गेले त्या वर्षी गाऱ्हाणं ह्यांच्यावर आलं. घामाघूम झाले होते. माझ्या माहेरी माझे वडील घालायचे, मला ऐकून पाठ. म्हटलं, तुम्ही नुसता आवाज द्या. मी पाठी निरांजन धरून उभी राहते ती तेव्हापासून."

"आणि माझा राग? मला वाटायचं बाबा चेष्टा करतात!"

"चेष्टा कसली? मनापासून मागते मी."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. इतकी वर्षं मी ज्या गाऱ्हाण्याचा तोरा मिरवला, ते हिचं होतं. आणि मग एकदम लक्षात आलं. "आई, यात तू कुठेयस? सगळ्यांसाठी मागितलंस. लिफ्टसाठीसुद्धा! तुझं नावच नाही."

"माझं मी कसं सांगणार?" ती म्हणाली. "आणि हे बोलू नकोस हां कुठे. ह्यांना वाईट वाटेल."

मी नाही बोलले.

चतुर्थीला आरती झाली. दादाने स्पीकर लावला. बाबा नवी लुंगी नेसून देवासमोर उभे, आई नेहमीसारखी त्यांच्या पाठी निरांजन घेऊन. आवाज घुमला, "बा देवा म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" बाबांचे डोळे मिटलेले होते. "लिफ्टीचा काम मार्गी लाव!" आम्ही पुन्हा ओरडलो, पण या वेळी जरा हसत, कारण लिफ्ट कधीच लागली होती. तिच्यातूनच तर बाबा खाली फिरायला जातात. "झिलाक मुंबयक परत हाड!" दादा समोरच उभा होता. तो आता मरोळला कामाला आहे. माझी मुलगी म्हणाली, "आता माझी दहावी येणार," आणि सगळे फिस्कन हसले.

बाबांनी डोळे उघडले. "नाय," ते म्हणाले. हात हलवला. "नाय, नाय."

दादाने घाबरून स्पीकर बंद केला. बाबांचा चेहरा पडला होता. कुणाला काही कळेना, पण आईला कळलं. "खरा हा त्येंचा," ती म्हणाली. "दिलेला परत मागतत? देव काय म्हणात?"

 एवढा आटापिटा करून वाचवलेला तो व्हिडिओ, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मागणं आधीच मिळून गेलेलं. आता गाऱ्हाण्याशिवायच गणपती जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात बाबा वळले. आईच्या हातातलं निरांजन त्यांनी डाव्या हाताने घेतलं, माझ्याकडे दिलं. आईच्या दंडाला धरून तिला पुढे आणलं, आपल्या जागी उभं केलं, आणि स्वतः तिच्या पाठी जाऊन उभे राहिले. "गो," म्हणाले.

"अहो, बायका घालतात काय?" आई कुजबुजली. "लोक काय म्हणतील?"

"आई, बोल!" मी खेकसले. माझा राग असा कधीतरी कामी येतो.

आईने पदर सारखा केला. हात जोडले. पहिले शब्द कुजबुजतच आले, तिला मोठ्याने बोलायची सवयच नव्हती. मग आवाज चढत गेला. "बा देवा म्हाराजा! दर वर्सा ह्येंच्या तोंडान सांगी होतंय, आज माज्या तोंडान सांगतंय. काय चुकला तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"लिफ्ट दिलंस, झिलाक हाडलंस, नातीक पास केलंस. चेडवाचो राग मातर कमी केलंस नाय. बरा केलंस. दवाखान्यात तोच कामाक इलो!"

"व्हय म्हाराजा!" दादा तर उड्याच मारायचा बाकी होता. खालच्या मजल्यावरूनही आवाज आला.

"आता ह्येंका वाचा दे. हातात बळ दे. सगळ्या लेकरांक सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" झालं. दादा नारळ फोडायला वाकला.

"हि..." बाबा म्हणाले.

आम्ही थांबलो. त्यांचा डावा हात आईच्या खांद्यावर होता. तोंड वाकडं होत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मी पुढे होऊ लागले तर दादाने मला धरलं. "हि... हिका," बाबा म्हणाले.  मग श्वास घेऊन, गिरणीच्या साचेखात्यात हाक मारल्यासारखे, "हिका... बरी ठेव!"

आम्ही जे "व्हय म्हाराजा" ओरडलो ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मी तर रडतच ओरडले. आईने जोडलेले हात खाली घेतले. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मी काही बोलायच्या आत मलाच दटावल्यासारखं म्हणाली, "ह्या मी सांगूक नाय हां. ह्या त्येंचा त्येंनी."