न आलेल्याला विचारू नये

चष्म्याच्या दुकानात मागे, पडद्याआड, काचा घासायचं यंत्र असतं. गिऱ्हाईक पुढे आरशात तोंड वाकडंतिकडं करून फ्रेम निवडतं, आणि मागे कुणीतरी त्या फ्रेमच्या मापाने काच घासत बसलंय हे त्याच्या गावीही नसतं. आमचा चष्मेवाला तो मागचा. वय सव्वीस. दिवसभर यंत्राची घरघर, बोटांना काचेची भुकटी, आणि बोलायचं म्हटलं तर मालकाशी. "उजवी झाली?" "झाली." "डावी?" "होतेय." झालं, दिवसाचं बोलणं आटोपलं.

या शहरात येऊन त्याला दोन वर्षं झाली होती आणि मित्र म्हणावा असा एकही नव्हता. लहानपणी मित्र करावे लागत नाहीत, बाकावर शेजारी बसेल तो मित्र. पंचविशीनंतर हे कसं करायचं ते कुणी शिकवत नाही. त्याला वाढवणारी मावशी दर गुरुवारी फोन करायची. "जेवलास का" झालं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला, "कोणी सोबती मिळाला का रे?" पहिले सहा महिने तो "मिळेल गं" म्हणाला. मग तिच्या जिवाला घोर नको म्हणून त्याने मनानेच एक मित्र बनवून टाकला. त्याला नोकरी दिली, सर्दी दिली, एकदा तर त्याच्या बहिणीचं लग्नही लावून दिलं. "लग्नात काय भेट दिलीस?" असं मावशीने विचारलं तेव्हा बापड्याची पाचावर धारण बसली.

या खोट्याचा वीट आला म्हणूनच तो एका सेवा-क्लबात गेला. सेवेची आवड वगैरे काही नव्हती, उगाच मोठेपणा कशाला द्या. दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलेला होता: अंथरुणाला खिळलेल्यांचे घरी जाऊन केस धुवायला, दाढी करायला, नखं कापायला माणसं हवीत, रविवारी सकाळी, अनुभवाची गरज नाही. क्लब चालवायच्या एक निवृत्त नर्स. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, आणि सिस्टर सगळ्यांना धंद्यावरून हाक मारत. खरं नाव पहिल्या दिवशी वहीत जायचं आणि वही कपाटात. तिथे एक मास्तर होते, एक पोस्टवाली होती. चष्मेवाल्याच्या जोडीला दिला तो लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा.

सिस्टरचे नियम तीन. स्वतःची नखं कापून यायचं. पेशंटला उगाच "छान दिसताय" म्हणायचं नाही. आणि जो रविवारी आला नाही त्याला का आला नाहीस असं विचारायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. "फुकट राबणाऱ्याकडे जाब मागू नये," सिस्टर म्हणायच्या. पूर्वी विचारपूस केली की माणसं ओशाळायची आणि कायमची तोंड लपवायची. विचारलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी आपणहून परतायची. नियम शहाणपणाचा होता, त्यात वाद नाही. शहाणपणानेच घात केला तर तक्रार कुणाकडे न्यायची, एवढंच मला कळत नाही.

निजलेल्या माणसाचे केस धुणं एकट्याचं काम नव्हे. मानेखाली टॉवेलची गुंडाळी, तिच्याखाली मेणकापड, त्याचं टोक खाली बादलीत. एकाने डोकं दोन्ही तळव्यांत तोलून धरायचं, दुसऱ्याने मगाने पाणी घालायचं, आणि कानात थेंब जाऊ द्यायचा नाही. लिफ्टवाला डोकं धरायचा, चष्मेवाला पाणी घालायचा. महिन्याभरात दोघांचे हात असे जुळले की "घाल", "थांब" म्हणावं लागेना. लिफ्टवाल्याचं तोंड मात्र अखंड चालू. "आजोबा, काय जड डोकं आहे हो! अक्कल आहे की नुसता हट्ट?" आतून आजी ओरडायच्या, "हट्टच!" आणि आजोबा पोट हलेपर्यंत हसायचे.

काम संपलं की दोघं एका बंद लाँड्रीच्या पायरीवर चहा घेऊन बसत. तिथे चष्मेवाल्याला वाचा फुटली. मालकाबद्दल, मावशीबद्दल, आठवडाभर साठलेलं सगळं तो बोलायचा. एकदा त्या बनावट मित्राची गोष्टही त्याने सांगून टाकली. लिफ्टवाला हसता हसता लोटपोट झाला, निम्मा चहा सांडला. मग म्हणाला, "जाऊ दे, मीच तो. फक्त माझ्या ताईचं लग्न अजून व्हायचंय, तेवढं मावशींना सांगू नकोस." त्या गुरुवारी चष्मेवाल्याने फोनवर मित्राबद्दल पहिल्यांदाच जे खरं तेच सांगितलं. आधीचं सगळं बनावट होतं हे मावशीला माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्याच्या आवाजात तिला काय ऐकू आलं कोण जाणे, ती उगाचच रडली.

असे अकरा महिने गेले आणि एका रविवारी लिफ्टवाला आला नाही.

सिस्टरनी काही न बोलता मास्तरांना जोडीला दिलं. मास्तर सज्जन माणूस, पण डोकं कलिंगड उचलल्यासारखं धरायचे. दुसऱ्या रविवारीही लिफ्टवाला नाही. चष्मेवाल्याने पायरीवर एकट्याने चहा घेतला, फोन काढला, "अरे कुठे आहेस" एवढं टाइप केलं आणि नियम आठवून खोडलं. तिसऱ्या रविवारी पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. पण आता नियम नुसता निमित्ताला होता. लिफ्टवाल्याला आपला कंटाळा आला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. बोलका माणूस, त्याला पन्नास मित्र असतील. घुम्याची रडगाणी किती दिवस ऐकेल? चौथ्या रविवारी तर त्याला रागच आला. "गरज असेल तर तो करेल फोन," असं घोकत तो यंत्रावर बसला आणि त्या आठवड्यात दोन काचा वाया घालवल्या. गुरुवारी मावशीने विचारलं, "तुझा लिफ्टवाला कसा आहे रे?"

"मजेत आहे," तो म्हणाला. पाचवा रविवारही तसाच गेला.

सहाव्या रविवारी सिस्टरनी नवा पत्ता दिला. तिसरा मजला, कमरेखाली हालचाल नाही, केस आणि दाढी. चिठ्ठीवर पेशंटचं नाव होतं, पण ते कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. दार तिशी उलटलेल्या एका बाईने उघडलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. आतल्या खोलीत खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर लिफ्टवाला.

चष्मेवाल्याला हातातली बादली खाली ठेवायचंही सुचेना. मास्तर नुसते "अरे! अरे!" करत राहिले. मग त्या बाईनेच, म्हणजे त्याच्या ताईने, सांगितलं. क्लबातल्या त्याच्या शेवटच्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दुरुस्ती करताना लिफ्टच्या टपावरून त्याचा पाय निसटला आणि तो दोन मजले खाली कोसळला. पाठीचा कणा मोडला. तो आता चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. फोनही फुटला होता. पण चौथ्या दिवशी तिने नवा आणला, तोच नंबर सुरू केला आणि इस्पितळातच त्याच्या उशाशी ठेवला.

"मला कळवलं का नाहीस?" चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

लिफ्टवाला छताकडे बघत म्हणाला, "तू विचारशील असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, आपल्याकडे न आलेल्याला विचारत नाहीत. पेशंटकडे मात्र न चुकता जातात. म्हणून ताईला म्हटलं, माझं नाव पेशंटांत घाल."

मास्तर डोकं धरायला पुढे झाले, तर चष्मेवाल्याने त्यांच्या हातात मग दिला आणि डोकं स्वतः धरलं. अकरा महिन्यांत त्याने ते कधी केलं नव्हतं. लिफ्टवाल्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते, एक विनोद नाही की शब्द नाही. चष्मेवाला रडत होता आणि दोन्ही हात अडकल्यामुळे त्याला नाकसुद्धा पुसता येत नव्हतं.

सिस्टरना हे कळलं. "नियम माझाच रे," म्हणाल्या.

"नियम क्लबाचा, सिस्टर. तो माझा मित्र होता," चष्मेवाला म्हणाला. "मला कुणी धरून ठेवलं होतं?"

मंगळवारी दुकान बंद असतं. त्या मंगळवारी तो बादलीशिवाय तिसऱ्या मजल्यावर गेला. "झोपलाय," ताई म्हणाली, आणि आतून खोकल्याचा आवाज आला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. तिसऱ्या मंगळवारी त्याने ताईला तोंड उघडू दिलं नाही. दारातूनच मोठ्याने हाक मारली, "ए, काय झालंय तुला? का येत नाहीस?" शेजारच्यांनी दार किलकिलं केलं. याला वेड लागलंय की काय, अशा नजरेने ताई बघत राहिली.

"आत ये. बस," लिफ्टवाला म्हणाला.

पडल्याची हकीकत पाच मिनिटांत संपली. मग त्याने पहिल्या रविवारपासून सुरुवात केली. किती वाजता जाग आली, कितीदा फोन हातात घेतला, वॉर्डच्या दारात कुणाची सावली दिसली की ताईला बघायला कसं पाठवलं. मग दुसरा रविवार. चष्मेवाला मान खाली घालून ऐकत होता. अजून तीन रविवार बाकी होते.