दाजींचा एडिटर

मिळालेली वस्तू मिळाली तशी वापरली, असा एकही दिवस माझ्या दाजींच्या आयुष्यात उगवलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि शेतीपंपांच्या माहितीपुस्तिका लिहितात. पंप कसा बसवावा, कसा चालवावा, बंद पडला तर आधी काय तपासावं, असलं सगळं. त्यासाठी ते कॉम्प्युटरवर एक एडिटर वापरतात. एडिटर म्हणजे नुसता मजकूर लिहायचा साधा प्रोग्रॅम. पण जगभरच्या हौशी लोकांनी त्याला लावायची जोडकामं तयार करून ठेवलेली असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. कुणी शुद्धलेखन तपासतं, कुणी पानाचा रंग बदलतं. शहाण्या माणसाला अशी दोन-चार पुरतात. आपण किती बसवलीत हे दाजींना आठवेना, म्हणून त्यांनी पॅकेजं मोजणारं एक पॅकेज बसवलं, आणि त्याचं बाकीच्यांशी पटेना म्हणून तेच काढून टाकलं.

एकदा मी त्यांच्याकडं आमच्या अपार्टमेंटच्या पाण्याचा अर्ज लिहून घ्यायला गेलो होतो. एका पानाचं काम. दाजींनी पहिली ओळ लिहिली, खुर्चीत चुळबुळ केली, गुडघा हलवला आणि म्हणाले, "पावणं, जरा थांबा. एक बारकं पॅकेज बसवतो, मग बघा." त्या बारक्या पॅकेजाला चालायला दुसरं लागत होतं, दुसऱ्याला तिसरं. तिसरं तयार मिळेना, म्हणून ते घरीच बांधायला घेतलं. पडद्यावर लाल अक्षरं धावायला लागली. तीन तासांनी दाजी घामाघूम होऊन म्हणाले, "झालं. आता कंस रंगीत दिसतात." मी विचारलं, "अर्जात कंस कुठं आहेत?" त्यावर दाजी शांतपणे म्हणाले, "असते तर दिसले असते की." अर्ज मी घरी जाऊन हातानं लिहिला.

नृसिंहवाडीला आम्ही तिघं दर्शनाच्या रांगेत उभे होतो, तेव्हाची गोष्ट तर अक्का अजून सांगते. पुढं चार माणसं राहिली असताना दाजींच्या मोबाइलवर निरोप आला, की महिनाभर अडलेलं कुठलंसं पॅकेज कुणीतरी दुरुस्त केलंय. दाजी रांगेतून निघाले ते थेट घाटाच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसले. अक्कानं एकटीनं दर्शन घेतलं, प्रसादाचा पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "देवाला सांगून आलेय, हे बाहेर कामात आहेत."

मग मागल्या वर्षी अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. सौम्य होता, बोलणं-चालणं शाबूत राहिलं. पण उजवा हात गेला. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. आजऱ्याच्या एका मैत्रिणीला ती फोन असतानाही दर आठवड्याला पत्र लिहायची. ती पत्रं थांबली. फोनवर दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची आणि म्हणायची, "बोलताना सुचत न्हाय मला. हात चालला की सुचतंय." दाजींनी तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं. डाव्या हाताच्या एका बोटानं एक ओळ लिहायला अर्धा तास लागला. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून दाजींनी स्वतःचं पॅकेज बांधायला घेतलं. पहिली दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द, जमलं तर पुढचं वाक्यच, त्यानं सुचवायचं. शिकायला त्याला आधीचं लिखाण हवं होतं. दाजींनी हाताशी होत्या त्या सगळ्या पंपाच्या पुस्तिका त्यात घातल्या. अक्काचं पहिलं पत्र तयार झालं ते असं: "तुझा प्रवाह बरा आहे का? मी सकाळी सुरू होते, पण मधेच हवा धरते." अक्का खुर्चीत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. पत्र तिनं तसंच पाठवलं, खाली दाजींनी पॅकेजाची हकीकत जोडली.

आठवड्यानं आजऱ्याहून काजूचं एक खोकं आलं. आत अक्कानं लिहिलेली सगळी पत्रं होती. मैत्रिणीनं वर चिठ्ठी ठेवली होती: "तिला तिचेच शब्द द्या."

दाजी ती पत्रं टाइप करत बसले. मी अधूनमधून जायचो, तर हा माणूस चष्मा लावून दुपारभर एका जागी. एके दिवशी त्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. अक्काच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "ह्यांच्याशी बोलावं तर हे समोर असून नसतात. माझं सगळं बोलणं तुझ्याशीच होतं."

मी म्हटलं, "हे गाळा की."

"का? तिचेच शब्द हायत न्हवं?" दाजी म्हणाले, आणि त्यांनी ते अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं.

पॅकेज चालू लागलं. अक्काची पत्रं पुन्हा आजऱ्याला जायला लागली. गेल्या महिन्यात संध्याकाळी मी गेलो, तेव्हा ती लिहीत होती. पडद्याच्या कोपऱ्यात एडिटरची नवी आवृत्ती आल्याची सूचना चमकत होती, आणि ती बरेच दिवस तशीच होती म्हणे. मला खरं वाटेना. "दाजी, बसवली न्हाईत?"

"न्हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "नवं घातलं की जुनं कुठंतरी मोडतंय. तिच्या बोटाला सवय झाल्या. आता हात लावायचा न्हाय."

एवढं बोलून ते गॅलरीत गेले. मीही पाठोपाठ गेलो. खाली रिक्षांची वर्दळ होती. दाजींची बोटं कठड्यावर ताल धरल्यासारखी वाजत होती. तेवढी मात्र त्यांना थांबवता येत नाहीत. आतून अक्काच्या एका बोटाचा टकटक आवाज यायचा, मधेच थांबायचा. तो थांबला की दाजींची बोटंही थांबायची. ते मान किंचित वळवून ऐकत राहायचे. आत पुन्हा टकटक सुरू झाली, की मगच कठड्यावरची बोटं हलायची.