घरात एकच भाषा

माहेरी तिला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी डोळा उघडला की सुरू, ते थेट झोप लागेपर्यंत. शेजारणीची चाल, मामाचं घोरणं, वाण्याचं नाक ओढणं. नकलेतून तिने कुणाला सोडलं नव्हतं. लग्न होऊन ती परमुलखात आली, कपडे अल्टर करणाऱ्या दुकानात लागली आणि तिथली भाषा कामापुरती शिकली. लांबी किती, चेन बदलायची का, मंगळवारी मिळेल. तेवढ्यावर भागायचं, कारण तोंडाचा पट्टा सोडायला घरी नवरा होता. पुढे लेक झाली.

लेक तीन वर्षांची झाली तरी बोलेना. बालवाडीच्या बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. खुर्च्या इतक्या बुटक्या की नवऱ्याचे गुडघे हनुवटीला टेकले. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "दोन भाषांनी हिचा गोंधळ उडतोय. घरात एकच ठेवा. शाळेतली."

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "अहो, मला कुठे ती धड येते? मी काय बोलणार पोरीशी?"

"शिकशील गं हळूहळू. उद्या पोर मुकी राहिली म्हणजे?" नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या शब्दापुढे तिचं काही चाललं नाही.

त्या दिवसापासून घरात मराठी बंद. वर्षभरात लेक घडाघडा बोलायला लागली. सगळ्यांनी बाईंचे आभार मानले. पोर तशीही बोललीच असती कदाचित. पण ते बघायला कोण बसलंय? मुकी झाली ती आई. जेव. बूट घाल. लवकर. नको. झोप. पूर्वी अंघोळ घालताना ती बुडबुड्यांची भांडणं लावायची. आता बुडबुड्याला काय म्हणतात तेच तिला ठाऊक नव्हतं. लेक पडून रडली की "अगं माझे बाई" ओठांशी यायचं, आणि ती ते गिळून टाकायची.

लेक अकरा वर्षांची झाली. एका रविवारी दुपारी आई माहेरी आपल्या ताईशी फोनवर बोलत होती. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने पोट आत ओढून कमरेचं माप दिलं होतं, आणि पँट न्यायला आल्यावर बटण लागेना म्हणून तिच्याशीच भांडला होता. त्याची नक्कल करता करता ती हसून आडवी झाली. वळून बघते तर दारात लेक.

"काय झालं एवढं?" लेकीने शाळेच्या भाषेत विचारलं.

तिने त्याच भाषेत सांगून बघितलं. "माणूस. जाडा. पोट... आत." तिथेच गाडी अडली.

लेक हसली नाही. म्हणाली, "मावशीशी तू अशी बोलतेस? माझ्याशी तर कधीच नाही. मला वाटायचं, तू मुळातच रागीट आहेस."

सांगायचं केवढं तरी होतं. तोंडातून निघालं, "जेवलीस?"

लेक खोलीत निघून गेली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "माझी पोर मला रागीट समजते. कळतंय का तुम्हाला?"

"घाबरलो होतो गं मी."

"मीही घाबरलेच होते. पण गप्प बसले ती मी."



मग ती हट्टाला पेटली. आपल्या लोकांच्या मंडळाचा मराठीचा वर्ग भरायचा, तिथे लेकीला घातलं. चिमुरड्या पोरांच्या रांगेत बसून लाल, पिवळा, निळा. दुसऱ्या खेपेला लेक गाडीतून उतरलीच नाही. घरी ती मराठीत बोलायला गेली की लेक कानात हेडफोन घालायची. "मला काही समजत नाही, आई. कशाला छळतेस?"

शाळेला सुट्टी लागली आणि लेक दुकानात येऊन बसायला लागली. आईने तिला उसवायचं काम दिलं आणि स्वतः कपड्यांशीच गप्पा मारायला लागली. "या साहेब, काय तक्रार? खिशाला भोक? किल्ल्या कोंबल्यास ना मेल्या!" लेकीकडे बघायचं नाही, तिला काही विचारायचं नाही. असे बरेच दिवस गेले. हळूहळू हेडफोन घरीच राहायला लागले.

एका दुपारी लेक मान वर न करता म्हणाली, "आई, तू... माझ्याशी का नाही बोलला?"

'बोलला' नाही, 'बोललीस'. पण चूक दाखवायची ही वेळ नव्हती. तिने मशीन थांबवलं.

"तू तीन वर्षांची होतीस. बोलत नव्हतीस. आम्ही फार घाबरलो..."

"हळू."

तिने हळू सांगितलं. बाई, बुटक्या खुर्च्या, घरात एकच भाषा. लेकीच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"म्हणजे... माझ्यामुळे?"

"नाही गं, बाळा. तुझ्यामुळे नाही!"

'नाही' तेवढं लेकीला कळलं असावं. बाकीचं पोचलं की नाही, चेहऱ्यावरून सांगता येईना. ती पुन्हा शिवण उसवायला लागली. टाके जरा जोरातच ओढत होती.

"मग?" ती मराठीतच म्हणाली. "हळू सांग."