फाशी मी मागितली नाही

माझ्या मुलाला मारणाऱ्याला फाशी व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून कुणी मला साध्वी समजेल. माझा अँथनी साजगावच्या एका कारखान्यात कामाला होता. कुंभिवलीला हायवेवरच्या ढाब्यावर गाडी लावण्यावरून त्याचं एका टेंपोवाल्याशी भांडण झालं, आणि त्या माणसाने लोखंडी पहार घालून माझ्या पोराला तिथंच संपवलं. तो पोशीरकडचा, अँथनीच्याच वयाचा. पोलिसांनी त्याला लगेच पकडलं. मला मात्र रडू आलं नाही. माती दिली, चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली, घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं, तरी डोळ्यांत पाणी नाही. जपमाळ हातात घेतली की मणी पुढे सरकायचे नाहीत. मनात त्या माणसाच्या गळ्यातला दोर दिसायचा.

त्या दिवसांत आमचे म्हातारे फादर अंथरुणाला खिळलेले होते. आमच्या भागात त्यांनी आयुष्य काढलं होतं. कर्जतच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पायी जाणारा माणूस. कुणाला फाशी झाली आणि लोकांनी पेढे वाटले, की त्यानंतरच्या रविवारी ते प्रवचनात हमखास रागावत. पोटातलं मूल असो, खाटेवरचा म्हातारा असो की तुरुंगातला खुनी, जीव देवाचा आहे, तो काढायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही माना डोलवायचो. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना पटत. तिसरी कुणी मनावर घेत नसे, कारण आमच्यावर तशी वेळ आलेली नव्हती.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच विचारलं, "फादर, आताही तुमचं तेच म्हणणं आहे?"

ते म्हणाले, "मला मूल नाही, बाई. तुझ्यापुढे बोलायचा मला काय अधिकार? शिकवण माझी असती तर तुझ्यासाठी मी ती बदलली असती. ती माझी नाही."

"मग माझ्या पोराचा जीव गेला तेव्हा देव कुठे होता?"

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. मी तशीच निघून आले. थोड्याच दिवसांत फादर गेले.

त्यांना जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. फोटोला हा एवढा हार. फादर संत होते, अशी भाषणं झाली, त्यांच्या नावाने सभागृह बांधायचं ठरलं. आणि मिस्सा संपल्यावर तिथूनच खालापूरला तहसील कचेरीवर मोर्चा निघायचा होता, अँथनीच्या मारेकऱ्याला फाशी द्या म्हणून. माझा धाकटा दीर जोसेफ सगळं बघत होता. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अँथनीचा फोटो छातीशी धरून मी सगळ्यांच्या पुढे चालले.

कचेरीसमोर ऊन मी म्हणत होतं. एक पुढारी बोलायला उभा राहिला आणि आवाज चढवून म्हणाला, "त्याच्या आईची कूसबी अशीच सुनी झाली पायजे! तिलाबी कलू दे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग माइक माझ्या हातात आला.

माझ्या डोळ्यांपुढे पोशीरची एक बाई आली, त्या टेंपोवाल्याची आई. तिला मी कधी पाहिलेलं नाही. ती पोराचा फोटो घेऊन माझ्यासारखीच कोरड्या डोळ्यांनी बसली होती. हे मला कुणी दाखवलं, ते मी सांगू शकत नाही. आणि फादरांचं ते रडणं आठवलं.

"वहिनी, म्हना ना, फाशी द्या," जोसेफ कानाशी म्हणाला.

"मी म्हणणार नाही." माझा आवाज कर्ण्यातून सगळीकडे गेला. "त्याला जन्मभर तुरुंगात ठेवा. सुटता कामा नये. पण माझ्या अँथनीच्या नावाने आणखी एका आईचं पोर मारायचं नाही. फादरांच्या फोटोला हार घालून इथं आलोय आपण. त्यांचं ऐकायचं नसेल तर तो हार काढून टाका."

कुणीतरी माइक हिसकावला. कुणी म्हणालं, येडी झाली. कुणी म्हणालं, फितली. जोसेफ माझ्यासमोर आला. "तुमचा लेक व्हता, पन माझाबी पुतन्या व्हता," तो म्हणाला. "या आता तुमच्या तुमी." माणसं मोर्चामागून आलेल्या टेंपोंत बसून निघून गेली. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही.

मी हायवेकडे चालत सुटले. वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि कुणीतरी मला काखेत धरून सावलीत बसवलं. उसाच्या रसाची गाडी चालवणारी बाई होती, पन्नाशीची, काटक. पदर ओला करून तिने माझ्या कपाळावर ठेवला. मांडीवरचा फोटो बघितला.

"लेक का गं?"

मी मान हलवली. तिने पुढे काही विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं त्याला म्हणाली, "आज बंद हाय रं, जा." मग माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघून म्हणाली, "आमी बौद्ध. तुझ्या देवाचं मला काय म्हाईत नाय. पन रडून घे, बाय. मी बसलेय हितं."

अँथनी गेल्यापासून पहिल्यांदा मी रडले, तिच्या खांद्यावर डोकं टेकून. ऊन उतरेपर्यंत ती हलली नाही. मग रिक्षा थांबवून मला घरापर्यंत सोडायला आली. देवाने धाडलेलं माणूस पुन्हा सापडत नाही, असं सांगतात. मला ती सापडली. सुशीलाताई अजून तिथंच रस विकते, आणि सवड मिळाली की माझ्याकडे जेवायला येते.

मोर्चानंतरच्या रविवारी चर्चमध्ये एकमेकांना शांती देताना माझ्या बाकावर कुणी हात पुढे केला नाही. चर्चच्या समितीतल्या एकाने सुचवलं, काही दिवस घरीच प्रार्थना करा. मी म्हटलं, "मी इथंच येणार. पुढच्याच बाकावर बसणार." अजूनही बसते.

खटला चालू आहे. तारखेला त्या माणसाकडे नजर गेली की मला अजून तो दोर दिसतो. मी त्याला क्षमा केलेली नाही. खोटं कशाला बोलू? ती माझ्याच्याने होत नाही, म्हणून देवाच्या पायाशी ठेवली आहे. तो करवून घेईल तेव्हा होईल. फाशी मात्र मी मागणार नाही, कुणी किती वेळा विचारलं तरी.

नाताळच्या आधी जोसेफ अचानक दारात उभा राहिला. आत येऊन बसला.

"वहिनी, अजूनबी तेच म्हनता?"

"तेच."

त्याने अँथनीच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "च्या ठेवा."

मोर्चाच्या दिवशी देवाने मला नाही म्हणायचं बळ दिलं, आणि मग रडू दिलं. दोन्हींसाठी त्याचे आभार मानत मी आधण ठेवलं.