गल्ल्यावरचे आजोबा
राष्ट्राचं भवितव्य सीमेवर ठरतं म्हणतात. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या पुढे, सीमेजवळच्या एका खेड्यात ते किराणा दुकानात ठरत होतं. वेलदोड्याच्या कॉफीचा वास आला की मला ते आठवतं. मी तिथं बिलाचं मशीन बसवायला गेलो होतो. गल्ल्यावर सौदी नागरिकच हवा असा नियम आल्याने, आजवर गल्ला सांभाळणारे रत्नागिरीचे चाचा बॅग भरून बसले होते. "आपलं खलास, बाबा," ते म्हणाले. गल्ल्यावर नेमलेले गावातले आजोबा येईल त्याला कॉफी पाजत होते, पैसे मात्र मागेनात. "पाहुण्याकडे पैसे मागू?" त्यांनी मालकालाच झापलं. मालकाने रिकामा गल्ला पाहिला आणि चाचांना म्हणाला, "यल्ला, बॅग रिकामी कर." परवा चाचांचा फोन आला, आजोबा गल्ल्यावर आणि ते शेजारी, दोघेही अजून तिथंच आहेत. गल्ल्यावर कुणी बसायचं ते नियमात आहे, पैसे कुणी मागायचे ते नाही.