फ्लोरोची बंदूक, फ्लोरोची कुत्री

नेल्बा इसास्मेंडीला मांस तोडताना ज्याने पाहिलंय, त्याला हिचा नेम चुकतो हे सांगून पटायचं नाही. तिची सुरी सांध्यात अशी शिरते की हाडालाही पत्ता लागत नाही. बाप फ्लोरो जिवंत होता तोवर ती मागच्या खोलीत बसून आतड्यांत मसाल्याचा खिमा भरून चोरिसो करायची. तो गेला आणि पुढच्याच सोमवारी तिने दुकानाची फळी उघडली. बापाच्या सुऱ्यांच्या मुठी काढल्या, स्वतःच्या पंजाला बसतील अशा नव्या ठोकल्या. मांस तोडायचा ठोकळाही सुताराकडून वीतभर बुटका करून घेतला. पासो देल साउसे गाव लहान. लोक बोलायचेच. बाप अजून मातीत थंड झाला नाही आणि ही त्याच्या वस्तूंना करवत लावते, असं.

"बाप ताडमाड होता," नेल्बा म्हणाली. "मी काय त्याच्या उंचीपायी रोज खुर्चीवर चढून गाय तोडू?"

एका वस्तूला मात्र तिने हात लावला नाही. तराजूच्या वर खुंटीला टांगलेली फ्लोरोची बंदूक. बेल्जियमची, सोळा बोअर, दोन नळ्या शेजारी शेजारी, पोलादावर वेलबुट्टी. लाकडी दस्ता फ्लोरोच्या गालाने घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की त्यात तोंड दिसावं. त्या बंदुकीखाली झोपायची चायरा. सुऱ्यांना धार लावायच्या सळीला आम्ही चायरा म्हणतो. कुत्रीही तशीच, सडपातळ आणि सरळ. तित्तराचा वास काढण्यात तिच्या तोडीची कुत्री साऱ्या पंचक्रोशीत नव्हती.

मी नेमबाजीच्या क्लबात थाळ्या उडवतो. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात यंत्रापाशी बसायचं, वरून कोणी "थाळी!" म्हणून ओरडलं की दांडा ओढायचा. मातीची थाळी भिरभिरत वर जाते आणि फुटते, किंवा फुटत नाही. सगळा जन्म बिळात गेला म्हणून गाव मला घूस म्हणतं. मला नेमबाज दिसत नाही, त्याची थाळी तेवढी दिसते. पण माणूस कसा आहे ते थाळीवरूनही बरंच कळतं.

मे महिन्यात, आमच्याकडे हिवाळा लागताना, शिकारीचा हंगाम उघडला आणि नेल्बा बापाची बंदूक घेऊन पहिल्यांदा रानात गेली. बरोबर मी होतो, चहामाते, म्हणजे नळीने ओढायचा आमचा कडू चहा, आणि थर्मास सांभाळायला, आणि तेल्मो अर्राम्बिदे होता. तेल्मो म्हणजे शेजारच्या मेंढीवाड्याचा मालक, फ्लोरोचा शिकारीतला जोडीदार, तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ. गवतावर दव गोठलं होतं. चायरा वाऱ्यात नाक घालून नागमोडी पळाली आणि एकदम दगड झाली. एक पाय उचललेला, शेपूट ताठ. नेल्बा पुढे झाली. तित्तर शिट्टी घालत फुर्रकन उठला, धडाड धडाड झालं, आणि तित्तर आपला सुखाने पलीकडच्या रानात जाऊन उतरला.

असं पुन्हा झालं. मग आणखी पुन्हा. त्यानंतर चायरा वळली. नेल्बाकडे तिने जरा वेळ पाहिलं, जसं आपण उधार बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो तसं, आणि तुरुतुरु चालत जाऊन गाडीखाली बसली. हाका मारल्या, शिट्ट्या घातल्या. ढिम्म.

"राजीनामा दिला तिने," मी म्हणालो.

"तू गप रे घूस," नेल्बा म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

तेल्मोने टोपी मागे सारली. "पोरी, राग धरू नको. पण असली कुत्री चुकणाऱ्या माणसाबरोबर नासते. तिला वाटतं, मी घसा फोडून सांगते आणि हा माणूस बहिरा. एक हिवाळा असा गेला ना, की ती नाक वापरायचंच सोडून देईल. मला दे. लेकीसारखी ठेवीन."

यात त्याचं काही चुकत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. फ्लोरो गेल्यापासून त्या घरात दुकान बंद झाल्यावर दाराकडे कान टवकारणारं दुसरं कोण होतं? नेल्बाने बंदूक उघडून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या काढल्या.

"हंगामाच्या शेवटच्या रविवारी आपण पुन्हा येऊ," ती म्हणाली. "त्या दिवशीही ही मला सोडून गेली, तर तू घेऊन जा."

"शब्द?"

"शब्द."

आमच्याकडे शब्द दिला म्हणजे कागद लागत नाही. कागद दिला तर उलट लोक संशय घेतात.

पुढच्या शनिवारी क्लबात सगळ्या गावाने नेल्बाला बंदूक शिकवायला घेतली. ओरेस्तेस टकल्या म्हणाला, "हे जुनाट लाकूड टाक आणि माझ्यासारखी पाच बारांची घे. पहिला चुकला तर दुसरा, दुसरा चुकला तर तिसरा."

"म्हणजे तुझ्या लग्नांसारखं," नेल्बा म्हणाली.

औषधवाल्याने, ज्याला गाव काडी म्हणतं, आपली बारा बोअर पुढे केली. "थाळीला हीच. वजनदार, हलत नाही."

"आणि रानात दिवसभर ही कोण वाहणार, तुझी आई?"

तरी तिने दोन्ही उडवून पाहिल्या. खड्ड्यातून मला तिची हाक ऐकू यायची. बाकीचे "थाळी!" म्हणून भुंकतात. ती मात्र जेवायला वाढा म्हटल्यासारखं "थाळी" म्हणायची. दांडा ओढला की थाळी जायची आणि धड उतरायची. बंदूक कुठलीही असो, छर्रे डाव्या अंगाने जात. मागच्या बांधाची माती डावीकडेच उडायची. हे मी वर येऊन सांगितलं तर टकल्या म्हणाला, "घुशीला दिशा कळायला लागल्या बघा." नेल्बा मात्र हसली नाही.

"दर वेळी डावीकडे?"

"दर वेळी."

"चुकणारा माणूस इकडेतिकडे चुकतो," ती म्हणाली. "एकाच जागी चुकतोय म्हणजे काहीतरी वाकडं आहे. सुरीचंही तसंच असतं."

सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही बसने दुरास्नो शहरात गेलो. बसस्टँडच्या मागे मेलितोनचं दुकान आहे. तो बंदुका दुरुस्त करतो, जुन्या घेतो, जुन्या विकतो, आणि चहामात्याची नळी तोंडातून न काढता बोलतो. नेल्बाने सगळी हकीकत सांगितली. त्याने बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोन्ही डोळे उघडे ठेव. माझ्या नाकाकडे बोट रोख."

"लई मोठं आहे, चुकायचं नाही," नेल्बा म्हणाली आणि उजवा हात लांब करून बोट रोखलं.

मेलितोन हसला. "बाई, तुझ्या बोटामागे मला तुझा डावा डोळा दिसतोय. हात उजवा, पण मालक डावा डोळा. उजव्या खांद्याला बंदूक लावून तू डाव्या डोळ्याने बघतेस. मग छर्रे डावीकडे नाही जाणार तर कुठे, चर्चला?"

नेल्बाने बोट खाली केलं. मी बघत होतो. इतक्या दिवसांचं ओझं तिच्या खांद्यावरून उतरलं.

"म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला लावायची. एवढंच?"

"एवढंच. पण ह्या बंदुकीने नाही." आता त्याने फ्लोरोची बंदूक उचलली आणि आमच्याकडे नळ्या वर करून मागून दाखवली. दस्ता सरळ नव्हता. जराशी मान वळवावी तसा उजवीकडे वाकलेला. "तुझ्या बापाचं थोबाड रुंद होतं ना? त्याच्या गालासाठी मुद्दाम वाकवून घेतलाय. डावीकडून धरलीस तर ही तुझ्यापासून तोंड फिरवेल."

"उलटा वाकव की. गरम तेलात वाकवतात म्हणे."

"वाकवतात. पण ही मान एकदा मोडून सांधलेली आहे, हे बघ." अंगठ्याच्या जागी केसाएवढी रेघ होती. फ्लोरोने ती कोणाला सांगितली नव्हती. "तेलात घातली तर हातात दोन तुकडे येतील. आणि सोळा बोअरची काडतुसं आणायला तू दर वेळी थेट राजधानीत, मोंतेविदेओला जाणार का?"

मग त्याने आतून एक बंदूक आणली. ब्राझीलची, वीस बोअर, म्हणजे सोळापेक्षा बारीक नळीची, तिच्याही दोन नळ्या शेजारी शेजारी. ना वेलबुट्टी, ना चमक. दस्ता सरळसोट, सरपणातून काढल्यासारखा. कुठल्याही खांद्याला चालेल अशी.

"डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड. काय दिसतं?"

नेल्बाने डाव्या खांद्याला लावली. अवघडून, दुसऱ्याचं पोर काखेत धरल्यासारखी. डोळे उघडले. "टोकाचा मणी. आणि नळ्यांमधली पट्टी, जराशी."

"फार दिसते?"

"नाही. जराशी."

"मग ही तुझ्याकडे बघतेय. चालायला हलकी, धक्का कमी. थाळीला बारा बोअर थोडी बरी, छर्रे जास्त असतात म्हणून. पण नेम असेल तर वीसनेही फुटते, आणि नसेल तर तोफेनेही नाही."

प्रश्न आला तो पैशाचा. नेल्बाच्या दुकानातलं शीतकपाट त्या महिन्यात बिघडलेलं, हातात रोख नव्हती. मेलितोन म्हणाला, बापाची ठेवून जा, ही घेऊन जा, काडतुसांच्या पेट्या वर देतो. ती बेल्जियमवाली शिकारीला नाही चालली तरी भिंतीवर टांगायला लोक घेतात.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. काचेतून दिसत होतं. नेल्बाने बापाच्या बंदुकीच्या दस्त्याला गाल लावला, उजवा. बराच वेळ. मग बंदूक फडक्याने पुसली, जशी रोज संध्याकाळी सुऱ्या पुसते तशी, आणि टेबलावर ठेवली.

बसमध्ये मी म्हणालो, "बापाची जशीच्या तशी राहिलेली एकुलती एक वस्तू होती."

"एकुलती नव्हे. दोन होत्या," ती म्हणाली. "बंदूक भिंतीवर शंभर वर्षं वाट बघेल रे घूस. कुत्री नाही बघणार."

त्यानंतर ती बाई डावरी व्हायला बसली. चहामाते डाव्या हाताने ओतायची, फरशी डाव्या हाताने पुसायची, वजन डाव्या हाताने टाकायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "नेल्बा, काटा तुझ्या बाजूला झुकतोय की काय?" ती म्हणायची, "झुकला तर हाडाच्या बाजूने झुकतो. हाड घे." सुरीला मात्र उजवाच हात. बोटं मोजून दहाच आहेत, म्हणायची. दुपारी ठोकळ्यामागे उभी राहून रिकामी बंदूक खांद्याला लावायची आणि काढायची. चायरा एक डोळा उघडून बघायची आणि पुन्हा मिटायची.

शनिवारी क्लबात टकल्याने ती बंदूक पाहिली. "ही कसली? डास मारायची?"

"हो. तुझ्या टकलावर बसला तर हाक मार."

पहिल्या शनिवारी थाळ्या धड उतरल्या, पण माती आता चहूकडे उडत होती, वर, खाली, उजवीकडे. मी खड्ड्यातून ओरडलो, "नेल्बा, आता तू माणसासारखी चुकतेस!" दुसऱ्या शनिवारी एकीचा टवका उडाला. मग एक दिवस वरून तीच "थाळी" आली, वाढा म्हटल्यासारखी, आणि थाळीचा धूर झाला. तुकडेही पडले नाहीत. मी वर आलो तर टकल्या ती डास मारायची बंदूक हातात घेऊन नळ्यांत डोकावत होता.

पण थाळी म्हणजे तित्तर नव्हे. थाळीला कुत्री लागत नाही.

शेवटच्या रविवारी तेल्मो गाडीतून उतरला आणि बंदूक पाठीमागे धरून उभा राहिला. लहान मूल काहीतरी फोडून उभं राहतं तसा. नेल्बाने बघितलं. वेलबुट्टी लपत नाही.

"काडतुसं आणायला मेलितोनकडे गेलो होतो," तो म्हणाला. "तिथे टेबलावर पडलेली. कोणीतरी मोंतेविदेओचा गडी भिंतीसाठी मागत होता. म्हटलं, गावाबाहेर कशापायी... आज आणायला नको होती. गाडीत ठेवतो."

"गालाला बसते का?"

"बसते," तेल्मो ओशाळून म्हणाला. त्याचंही थोबाड रुंदच आहे.

"मग आण की. टांगून ठेवायला घेतलीस का?"

ती म्हणाली खरं, पण चायरा गाडीतून उडी मारून उतरली, बंदुकीपाशी गेली, दस्ता हुंगला, आणि तेल्मोच्या टाचेला टाच लावून चालायला लागली. फ्लोरोच्या टाचेला लागायची तशीच. तेल्मोने पायाने हलकेच ढकललं. हटली नाही. नेल्बा डावीकडून चालत होती, एकटी. मी थर्मास काखेत घट्ट धरला. दुसरं धरायला काही नव्हतं.

तारेच्या कुंपणाशी दोघांनी बंदुका उघडून काडतुसं काढली, कुंपण ओलांडलं, पुन्हा भरल्या. पलीकडे नीलगिरीच्या रांगेखाली गवत उंच होतं. चायरा पुढे धावली, नागमोडी, आणि दगड झाली. पाय उचललेला, शेपूट ताठ.

"तुझा," तेल्मो म्हणाला.

नेल्बा पुढे झाली. तित्तर उठला, शिट्टी घालत, डावीकडे वळला. चायराने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मान वळवून तेल्मोकडे बघत होती, त्या वेलबुट्टीच्या बंदुकीकडे, आता ही बोलेल म्हणून. तेल्मोने नळ्या जमिनीकडे केल्या होत्या. वीस बोअरचा पहिला बार झाला. चुकला. नेल्बाने गाल हलवला नाही. दुसरा बार झाला आणि तित्तर हवेत गोळा होऊन धपकन पडला.

त्या धपकन आवाजाने चायराचे कान उभे राहिले. आधी तेल्मोकडे, मग आवाजाकडे, मग नेल्बाकडे तिने पाहिलं. हिशेब जुळत नव्हता. मग ती धावली.

तोंडात तित्तर धरून परत आली तेव्हा ती आम्हा सगळ्यांच्या मधोमध थांबली. तेल्मो शहाणा माणूस. त्याने पाठ फिरवली आणि रानाकडे तोंड करून नाक शिंकरल्यासारखं केलं. चायराने फ्लोरोच्या बंदुकीचा वास हवेतच एकदा घेतला. घेतला आणि सोडला. मग येऊन तित्तर नेल्बाच्या बुटावर टाकला, आणि लगेच, शाबासकीची वाट न बघता, पुढच्या गवतात नाक घातलं.

"माफी मागतेय तुझी," तेल्मो पाठमोराच म्हणाला.

"मागू दे," नेल्बा म्हणाली. तिने रिकाम्या पुंगळ्या काढल्या, नवी काडतुसं भरली, डाव्या हाताने. "बापावर गेलीय. तोही उशिरानेच मागायचा."

आणि ती कुत्रीच्या मागे चालायला लागली, कारण चायरा पुन्हा थांबली होती.