मामांचा बिल्ला अजून खिळ्यालाच आहे

मामा हट्टापायी गेले. आज वर्ष झालं, तरी माझा राग गेलेला नाही.

सकाळी मामांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे डोळे पुसत होते आणि मी फोटोशी मनातल्या मनात भांडत होते.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सगळी नोकरी तिकडं विदर्भात, कोळशाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात. मामी आधीच गेल्या होत्या, म्हणून रिटायर झाल्यावर आमच्याकडे न्हावऱ्याला आले.

येताना खाणीचा नियमही घेऊन आले.

खाली उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला वर खिळ्याला अडकवायचा. वर आलं की ज्याचा त्यानं काढून घ्यायचा. शिफ्ट सुटल्यावर खिळ्याला बिल्ला दिसला, तर तो माणूस अजून खाली आहे.

आमच्या दाराशेजारी तीन खिळे ठोकले. पत्रा कापून बिल्ले केले. आईचा, माझा आणि त्यांचा. बाहेर जाताना अडकवायचा, आल्यावर काढायचा.

मी रांजणगावला कंपनीत, क्वालिटीला. बस लेट झाली की हे उंबऱ्यात बसलेले. गल्लीतली पोरं चिडवायची, "मामा, टोलनाका चालू हाय व्हय?"

घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "वर आलीस का?"

"मामा, मी बसनं आले. खाणीतून नाही."

"बिल्ला काढ आधी."

पाहुण्यांसमोरसुद्धा! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा कौतुकानं रील दाखवलं. रशियात बारा किलोमीटर खोल भोक पाडलंय, जगात सगळ्यात खोल.

"मानूस उतरला का त्यात?"

"नाही हो, ताटलीएवढं तर तोंड आहे त्याचं."

"मंग कसलं खोल? मानूस जातो आन् परत येतो, तवा खोल म्हनायचं."

इतकं काय त्या बिल्ल्याचं, असंही विचारलं होतं. "एकाचा राह्यला व्हता खिळ्याला," एवढंच बोलले आणि उठून गेले.

मग दम लागायला लागला.

गावानं लगेच निकाल दिला, "बिड्या वढल्या आसतील."

अरे, खाणीत काडीपेटी न्यायलाच बंदी! हा माणूस घरातला गॅससुद्धा पेटवायचा नाही, आईला हाक मारायचा. कुणाला काय सांगणार. डोकं फिरायचं नुसतं.

दौंडच्या डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. मी सुट्टी टाकून घेऊन गेले. मामांनी ते मशीन पाहिलं आणि दारातच थांबले.

"बिल्ला कुठं लावायचा हितं?"

टेक्निशियन म्हणाला, "कसला बिल्ला, काका?"

"आत कोन गेलंय ते बाहेरच्याला कसं कळनार मंग?"

"मामा, माझ्या हातात द्या बिल्ला. मी इथंच उभी आहे."

"बिल्ला घरी खिळ्याला हाय. बाहेर पडलो न्हाई का मी?"

मी गळ्यातलं कंपनीचं आयकार्ड काढून पुढं केलं.

"दुसऱ्याच्या नावावर खाली उतरत न्हाईत," म्हणाले आणि तडक एसटी स्टँड गाठला. तिथं गरम भजी खाल्ली. मलाही घे म्हणाले!

मी रस्त्यात रडले. रागानं.

आयुष्यभर अंधारात उतरलेला माणूस, आणि दहा मिनिटं उजेडातल्या मशीनमध्ये झोपायला तयार नाही.

शेवटी हार मानली. शिरूरला जाऊन दुसरा बिल्ला करून आणला, चांगला पितळी, खास दवाखान्यासाठी. मामांनी हातात घेऊन वजन पाहिलं. खूश झाले.

"ह्यो चालतोय. सोमवारी जाऊ."

सोमवार काही आला नाही. आदल्या दिवशीच श्वास अडकला. गाडी दारात उभी, आई घाबरलेली, आणि ह्यांचा हात खिळ्याकडे.

"माझा बिल्ला लाव."

लावला. काय करणार?

दौंडला पोचलो, पण उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर औषधं तरी सुरू करता आली असती. हे मी विसरू शकत नाही, मामा. तुम्हाला माफही करू शकत नाही.

आज जेवणं झाल्यावर एका पाहुण्यानं खिळ्याकडे हात नेला. "आता कशाला ठेवलाय ह्यो?"

आई ताटं तशीच टाकून धावली.

"हात लावू नका. ज्याचा त्यानंच काढायचा आसतो."

वर्षभर मला वाटत होतं, ह्या नियमाचा राग येणारी घरात मी एकटीच आहे. राग असेल माझा एकटीचा, पण रोज खिळ्याकडे बघत जेवणारी मी एकटी नव्हते, आईही होती.

मामा, सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहितायत. माझ्याच्यानं होत नाही.

आम्ही दोघी घरात आहोत. आमचे बिल्ले काढलेत.

तुमचा तेवढा राहिलाय.